अठ्ठावन्नाव्या वर्षाचा करार : एक कॅप्टन, त्याचा भाचा आणि युनियनचा ठराव

भारतात प्रवासी विमान चालवणाऱ्या पायलटाला नियमाने वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत उड्डाण करता येते. कंपनीने आपल्या सेवानियमांत त्याला कितव्या वर्षी निवृत्त करावे, हा मात्र निराळा प्रश्न आहे, आणि या दोन वयांच्या मधल्या फटीत जे घडते ते या प्रकरणाचे मूळ आहे. बेळगावच्या एका मराठी कुटुंबातले दोन पायलट, नात्याने मामा आणि भाचा, एकाच खासगी विमान कंपनीत नोकरीला होते. मामा कॅप्टन होते आणि सेवानियमांप्रमाणे ५८ व्या वर्षी निवृत्त होणार होते. भाचा को-पायलट होता, कमांडच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या, प्रतीक्षेत होता आणि पायलटांच्या युनियनच्या कार्यकारिणीवर होता. २०२३ च्या पावसाळ्यात कंपनीने मामांपुढे प्रस्ताव ठेवला, की निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांना कंत्राटावर परत घेतले जाईल. असा करार कोणीही करू नये, असा ठराव युनियनने त्याआधीच केला होता आणि तो लिहिणाऱ्यांत भाचा होता. कंपनीचे व व्यक्तींचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत.

निवृत्तीचे वय निसर्गाने ठरवून दिलेले असते, असे बेळगावच्या माणसाला सहसा वाटत नाही. याच कॅप्टनचे थोरले भाऊ कर्नाटक शासनाच्या मराठी शाळेतून ६० व्या वर्षी निवृत्त झाले. भावजयीची बहीण शिनोळीपलीकडे चंदगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तेच विषय, तशाच मुलांना शिकवत होती आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे ५८ व्या वर्षी घरी बसली. गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून चाळिशीतच पेन्शनवर आलेले आणि मग एखाद्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिलेले दोघे-तिघे होतेच. एका घराच्या परिसरात एवढी वेगवेगळी वये नांदत असल्यामुळे कॅप्टनने ५८ हा आकडा कधी आरोग्याशी जोडला नाही. तो कंपनीने सोयीसाठी निवडलेला आकडा आहे, असे ते पहिल्यापासून म्हणत आले, आणि माझ्या मते त्यांचे हे म्हणणे बरोबर होते. युनियनच्या ठरावात मात्र हीच गोष्ट गोंधळात पडली.

कंपनीने दिलेल्या कराराची प्रत सहा पानांची होती आणि कॅप्टनने तिच्यावर पेन्सिलीने तीन ठिकाणी रेघा मारल्या होत्या. पहिली रेघ मुदतीखाली होती. करार एक वर्षाचा, नूतनीकरण कंपनीच्या मर्जीवर आणि पगार महिन्याला ठरावीक उड्डाण-तासांच्या हमीवर होता. दुसरी रेघ सीनिऑरिटीखाली होती. निवृत्तीच्या दिवशी यादीतला क्रमांक रद्द होणार, त्यामुळे कोणता बेस, कोणते रोस्टर (उड्डाणांचे वेळापत्रक) आणि कोणती रजा यांवरचा वरिष्ठतेचा हक्क संपणार होता, आणि कंत्राटी पायलट म्हणून कोणत्याही सामूहिक वाटाघाटीचा लाभही मिळणार नव्हता. तिसरी रेघ सर्वांत फिकट होती, पण माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. मेडिकलमध्ये अपात्र ठरून लायसन्स गेले तर मिळणारे विम्याचे संरक्षण ६० व्या वर्षानंतर लागू राहणार नव्हते. म्हणजे ज्या वयात हा धोका वाढतो, नेमक्या त्याच वयापासून तो पूर्णपणे पायलटाच्या अंगावर टाकला होता.

कंपनीचा हिशेब समजून घेतल्याशिवाय या प्रकरणाचा निवाडा करणे अन्यायाचे होईल. एक कॅप्टन निवृत्त झाला की त्याच्या जागी को-पायलटला कमांडसाठी तयार करावे लागते. त्यासाठी सिम्युलेटर, प्रशिक्षक कॅप्टनबरोबरची उड्डाणे आणि शेवटची तपासणी असा क्रम असतो. मग त्या को-पायलटची जागा रिकामी होते, तिथे नवा मुलगा किंवा मुलगी घ्यायची, त्यांचे टाइप रेटिंग (त्या प्रकारच्या विमानाचा परवाना) आणि लाइन ट्रेनिंग (प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरचे शिक्षण) करायचे. एका निवृत्तीमागे अशी निदान दोन प्रशिक्षणे लागतात, आणि त्या काळात प्रशिक्षक कॅप्टनचे कितीतरी तास त्यांतच जातात. अनुभवी कॅप्टन कंत्राटावर टिकवला तर ही सगळी साखळी एक-दोन वर्षे पुढे ढकलता येते. शिवाय तो कंत्राटावर असल्यामुळे प्रवासी कमी झाले, तर त्याचे नूतनीकरण न करून खर्च लगेच उतरवता येतो. सेवानियमांतले वयच ६५ केले असते तर ही सोय राहिली नसती. म्हणून कंपनीला मामा हवे होते, पण कायम नोकरीतले मामा नको होते. यात कपट शोधण्याची गरज नाही. खर्च सांभाळणारा कोणताही व्यवस्थापक असाच विचार करील.

या हिशेबाची दुसरी बाजू भाच्याच्या वाट्याला येत होती. पायलटाच्या पेशात पगाराची खरी उडी को-पायलटचा कॅप्टन होताना पडते, आणि ती केव्हा पडेल हे गुणवत्तेबरोबरच यादीतल्या क्रमांकावर ठरते. नवी विमाने येत असतील तर वरचा माणूस दोन वर्षे जास्त राहिल्याने खालच्याचे फारसे बिघडत नाही, कारण जागा वाढतच असतात. विमाने येण्याचे थांबले असेल, तर वरच्याचे एक वर्ष म्हणजे खालच्याचे जवळजवळ एक वर्ष. २०२३ च्या उन्हाळ्यात दुसरी स्थिती होती. मे महिन्यात गो फर्स्ट या विमान कंपनीची विमाने थांबली होती, त्या कंपनीचे पायलट इतरांच्या दारांत अर्ज घेऊन उभे होते आणि सुट्या भागांच्या व इंजिनांच्या टंचाईने इतरांचीही काही विमाने जमिनीवर होती. भाच्याने कर्ज काढून लायसन्स मिळवले होते आणि त्याचे हप्ते को-पायलटच्या पगारातून जात होते. दुसरीकडे जाण्याची वाटही सोपी नव्हती, कारण २०१७ पासून देशाच्या विमान वाहतूक नियामकाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमाने को-पायलटला सहा महिन्यांची आणि कमांडरला वर्षाची नोटीस द्यावी लागते. बेळगावजवळ सांबऱ्याच्या विमानतळावर उड्डाण प्रशिक्षणाची सोय झाली आहे आणि शिकाऊ विमाने पाहून शहरातली आणखी मुले या पेशाकडे वळत आहेत. ती सगळी याच रांगेच्या शेपटाला येऊन उभी राहणार, ही भीती भाच्याच्या बोलण्यात अधूनमधून डोकावत असे.

आता ठरावाकडे येतो. तरुण सभासदांना निवृत्तीचे वय वाढायला नको होते, ज्येष्ठांना ते ६५ हवे होते, आणि दोघांनाही कंत्राट नको होते. कार्यकारिणीने दोघांना मान्य असलेला एवढाच धागा उचलला आणि कोणीही कंत्राटी करार करू नये, असा ठराव मंजूर केला. त्याऐवजी कंपनीकडे काय मागायचे, यावर एकमत होत नव्हते म्हणून मागणीच लिहिली नाही. वर, बहुधा ठरावाला वजन यावे म्हणून, दुसरा परिच्छेद जोडला. त्याचा आशय असा होता, की ६० नंतर प्रतिक्रियेचा वेग मंदावतो, अचानक आजारपणाचा धोका वाढतो, आणि प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी युनियनचा वाढीव वयाला विरोध आहे. हा परिच्छेद भाच्याने लिहिला नव्हता, पण त्याखाली त्याची सही होती.

सुरक्षिततेचा मुद्दा अगदीच पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. वय वाढले की हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो, हे उघडच आहे. पण व्यवस्थेने त्याची दखल घेतलेली आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, नोव्हेंबर २००६ पासून ६० ची मर्यादा ६५ केली तेव्हा अट घातली होती, की कमांडर साठीपुढचा असेल तर दुसरा पायलट साठीच्या आतला असावा. २०१४ मध्ये ही जोडीची अटही तिने काढून टाकली. साठीनंतर मेडिकलची मुदत वर्षाऐवजी सहा महिने होते, सिम्युलेटरवरची परीक्षा तर सर्वच वयांच्या पायलटांना सहा-सहा महिन्यांनी द्यावी लागते, आणि दुसरा पायलट एकाएकी निकामी झाला तर काय करायचे हे प्रशिक्षणातच शिकवतात. जपानने २०१५ पासून काही अटींवर ६७ पर्यंत मुभा दिली आहे. उलट २०२५ च्या शरद ऋतूत मॉन्ट्रियलच्या अधिवेशनात विमान कंपन्यांच्या संघटनेने, आयाटाने, ६७ चा प्रस्ताव ठेवला तो मंजूर झाला नाही, आणि त्याला विरोध करणाऱ्यांत पायलटांच्याच संघटना पुढे होत्या. म्हणजे ६५ च्या पुढे जावे की नाही यावर प्रामाणिक वाद होऊ शकतो. इथे वाद ५८ चा होता, आणि ५८ वर्षांच्या कॅप्टनला वैद्यकीय कारण दाखवणे म्हणजे आपल्याच ज्येष्ठ सभासदांना रुग्ण ठरवणे होते. बैठकीनंतर ज्येष्ठांतले काही जण युनियनच्या फोनला उत्तर देईनासे झाले, यात मला आश्चर्य वाटत नाही.

हा वाद अन्यत्र कसा झाला ते पाहण्यासारखे आहे, कारण मामांनी भाच्याला तोच दाखला दिला होता. अमेरिकेत ६० वर्षांचा नियम १९५९ च्या अखेरीस निघाला आणि १९६० पासून लागू झाला. त्याआधी अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी विमान वाहतुकीचे नियामक एल्वुड क्वेसाडा यांना पत्र लिहून अशी मर्यादा सुचवली होती. जेट विमाने नुकतीच येत होती आणि वयस्क पायलटांना त्यांवर शिकवण्याचा खर्च कंपनीला डाचत होता. क्वेसाडा पुढे त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. नियम सुरक्षिततेच्या नावाने आला आणि त्यामागे प्रशिक्षणाचा खर्च होता. तिथली मोठी युनियन, आल्पा, आधी या नियमाच्या विरोधात होती, मग १९८० पासून बाजूने झाली, कारण तोवर वेळेवर निवृत्त होणे म्हणजे वेळेवर बढती मिळणे असे सभासदांचे गणित जमले होते. पुढे २००१ च्या हल्ल्यांनंतर कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, युनायटेडसारख्या कंपन्यांत पायलटांची पेन्शन योजनाच मोडीत निघाली, आणि ज्येष्ठांना आणखी पाच वर्षे हवीशी झाली. मे २००७ मध्ये आल्पाने भूमिका बदलली, डिसेंबरमध्ये ६५ चा कायदा झाला. मात्र त्या दिवसाआधी ज्यांनी साठी ओलांडली होती, त्यांना जुन्या क्रमांकावर परत येता आले नाही. यायचेच तर यादीच्या तळाशी, नवा म्हणून. वैद्यकशास्त्र या सत्तेचाळीस वर्षांत नक्कीच पुढे गेले, पण युनियनचे मत प्रत्येक वळणावर सभासदांच्या खिशाच्या दिशेनेच वळले. मी हे दोष म्हणून लिहीत नाही. युनियन त्यासाठीच असते, फक्त तिने तसे सांगावे.

आपल्याकडेही हेच दिसते. २०१२ मध्ये एअर इंडियातील इंडियन पायलट्स गिल्डचा ५८ दिवसांचा संप झाला तो ड्रीमलायनर या नव्या विमानाचे प्रशिक्षण एअर इंडियात विलीन झालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनाही देण्यावरून, म्हणजे मुळात बढतीच्या रांगेवरून होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली तेव्हा दोन्हीकडच्या निवृत्तीच्या वयांतली तफावत उघड्यावर आली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये एअर इंडियाने पायलटांचे वय ६५ केले. या प्रकरणातली कंपनी वेगळी आहे आणि तिथे असे काही झाले नाही.

२०२३ च्या गणपतीत मामा बेळगावात शहापूरला बहिणीकडे, म्हणजे भाच्याच्या घरी, आले होते. गौरी जेवल्याच्या दुसऱ्या दिवशी, मधल्या खोलीत, ती सहा पाने आणि ठरावाची प्रत शेजारी-शेजारी ठेवून दोघांचे बोलणे झाले. भाच्याचा मुद्दा असा, की पहिला कॅप्टन सही करतो तेव्हा मागच्या सगळ्यांचा भाव ठरतो. कंपनीला एकदा कळले की वरिष्ठ माणूस सीनिऑरिटी सोडूनही येतो, की मग कायम नोकरीची अट ती कशाला पाळेल? “मामा, तुम्हीच सही केलीत तर दुसऱ्या कुणाला थांबवायला आम्हाला तोंड राहत नाही,” असे त्याने सांगितले. मामांनी ठरावाची प्रत त्याच्यापुढे सरकवली. “मी काय करू नये ते ह्यात लिहिलंय. काय करावं ते कुठं आहे, दाखव की.” त्यांची आधीची कंपनी बंद पडली तेव्हा त्यांचा कित्येक महिन्यांचा पगार बुडाला होता. नव्या कंपनीत रुजू होताना ते यादीच्या तळाशी आले, आणि दोन मुलांच्या शिक्षणाचा काळ त्यांनी दुसऱ्यांदा चढत काढला. त्यामुळे ५८ व्या वर्षी त्यांच्याजवळ जितकी शिल्लक हवी होती तितकी नव्हती. बहिणीने मध्येच चहा ठेवत एवढेच विचारले, की युनियन महिन्याला काही देणार आहे का. भाच्याने नाही म्हटले.

मग मामांनी एक प्रस्ताव मांडला. त्या वर्षी निवृत्त होणारे सगळे कॅप्टन युनियनच्या हाती कराराची सही न केलेली प्रत देतील आणि युनियन त्यांच्या वतीने तीन गोष्टी मागेल : साठीनंतरही लायसन्स-विम्याचे संरक्षण, नूतनीकरण नाकारायचे तर तीन महिन्यांची सूचना, आणि प्रत्येक कंत्राटी कॅप्टनमागे एका को-पायलटचे कमांड प्रशिक्षण त्याच वर्षी सुरू करण्याची हमी. तिसरी मागणी विशेष होती. ती कंत्राट स्वस्त राहू देत नव्हती, कारण साखळी पुढे ढकलण्याचा फायदाच ती काढून घेत होती. त्यामुळे ज्येष्ठ आणि कनिष्ठ दोघेही एका बाजूला येऊ शकत होते. भाच्याला हे पटले. पण कार्यकारिणीत ते मांडल्यावर प्रश्न आला, की कंत्राटाच्या अटी मागणे म्हणजे कंत्राट मान्य करणे नव्हे काय? तत्त्व म्हणून हा प्रश्न योग्य होता, आणि अशा ठिकाणी तत्त्वाला धरून राहणाऱ्या युनियन शेवटी टिकतात, हेही खरे. पण ज्या युनियनने स्वतःची कोणतीही मागणी ठेवलेली नाही तिला हा आक्षेप शोभत नव्हता. विषय पुढच्या बैठकीवर गेला. पुढची बैठक होईपर्यंत मामांचा निवृत्तीचा दिवस उलटला होता आणि त्यांनी करार होता तसा स्वीकारून सही केली होती. बाकीच्या निवृत्तांपैकी बहुतेकांनी एकेकट्याने तेच केले.

ठराव मोडून सही करणाऱ्यांचे सभासदत्व रद्द करण्याच्या मतदानात भाचा तटस्थ राहिला. सभेत त्याला त्याबद्दल टोमणे बसले, आणि बेळगावात आईने त्याच तटस्थतेबद्दल त्याच्याशी काही दिवस अबोला धरला. दोन्ही बाजूंचा राग त्याच्या वाट्याला आला, आणि त्याने तो वादावादी न करता सोसला. दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणात कंपनीने उड्डाण-तासांची हमी कमी केली. बाजारात कॅप्टन मिळत होते आणि कंत्राटी माणसांच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते. भाच्याने वर्तवलेला परिणाम बरोबर तसाच झाला होता. तो कुणी थांबवू शकले असते का, याचे उत्तर मात्र युनियनकडेच जाते. भाच्याची कमांड त्याच सुमारास लागली. तिचे कारण मामांचे जाणे वा राहणे नव्हते. रखडलेली दोन विमाने अखेर आली होती.

२०२५ मध्ये पारडे फिरले. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम दोन टप्प्यांत, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. डिसेंबरमध्ये पायलट अपुरे पडून इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाल्यावर प्रत्येक कंपनीने आपले कॅप्टन मोजायला घेतले. मामांनी ऑक्टोबरमध्ये साठी गाठली होती आणि सहा महिन्यांच्या मुदतीचे पहिले मेडिकल त्यांनी पार केले होते. कंपनीने कंत्राटी कॅप्टनांची तासांची हमी आपणहून पूर्ववत केली. लायसन्स-विम्याबद्दल ती काही बोलली नाही.

त्याच वेळी युनियन नव्या रोस्टरवर वाटाघाटी करत होती आणि सुट्टीच्या दिवशी कोणी अतिरिक्त उड्डाण स्वीकारू नये असे तिचे आवाहन होते. ते फसत होते, कारण कंत्राटी कॅप्टन ती उड्डाणे करत होते आणि त्यांना नाही म्हणण्याचे काही कारण नव्हते. तेव्हा पोटनियम बदलून कंत्राटी पायलटांना सभासद करून घ्यावे अशी सूचना आली आणि मामांसह सर्वांना निमंत्रणाचे पत्र गेले. मामांनी उलट एका ओळीचा प्रश्न पाठवला : सभासदत्व जुन्या तारखेपासून धरणार, की नव्याने? कार्यकारिणीने तो प्रश्न पोटनियम समितीकडे सोपवला आहे आणि त्या समितीचा निमंत्रक भाचाच आहे.